कमला सोहोनींवर प्रकल्प करताना नकाराची गोष्ट किती, काम किती?

फोंड्याजवळ राहणाऱ्या एका वडिलांनी विचारलं आहे: "माझी मुलगी अकरावीला, विज्ञान शाखेत. प्रदर्शनासाठी तिने जीवरसायनशास्त्रज्ञ डॉ. कमला सोहोनी हा विषय घेतलाय. जिथे शोधावं तिथे तेच मिळतं: सर सी. व्ही. रामन यांनी प्रवेश नाकारला, त्यांनी सत्याग्रह केला, पुढे केंब्रिजची पीएचडी मिळवली. त्यांनी नेमकं काय शोधलं हे कुठे धड सापडत नाही. शिवाय प्रयोग नसेल तर प्रकल्प घेणार नाही, असं बाई म्हणतात. शाळेत होईल असा काही प्रयोग आहे का?"

प्रश्न वाचला आणि लगेच लिहायला बसले. मी गोव्यात ३१ वर्षं जीवरसायनशास्त्र शिकवलं, आता निवृत्त आहे. विज्ञान दिनाला कुठल्या तरी शाळेतून परीक्षक म्हणून बोलावणं येतं आणि कमलाबाईंचा तक्ता हमखास दिसतो. त्यावर रामन यांचा फोटो मोठा आणि कमलाबाईंचा लहान. मजकुराचा पाऊण भाग त्यांना 'नाही' म्हटलं गेलं त्या एका प्रसंगाचा. त्यानंतर तीसेक वर्षं त्या प्रयोगशाळेत उभ्या होत्या, त्याला शेवटची एक ओळ. मला हे फार लागतं.

तुम्ही दोन प्रश्न विचारलेत, पण माझ्या लेखी तो एकच प्रश्न आहे. कमलाबाईंनी काय केलं हे समजलं की प्रयोग कुठला करायचा ते आपोआप ठरतं, कारण त्यांच्या कामाचा मोठा भाग आपल्या फडताळातल्या डब्यांत आणि परसातल्या माडावर आहे. काही गोष्टी मात्र तुमच्या परिस्थितीवर अवलंबून आहेत. शाळेत ट्रिप्सिन हे पाचक विकर (एन्झाइम) मिळेल का, फ्रीज आहे का, बाई तासानंतर थांबू शकतात का, ओळखीत कोणी रेंदेर, म्हणजे माडावर चढून रस काढणारा, आहे का. म्हणून दोन वाटा सांगते, एक वालाची आणि एक नीऱ्याची, म्हणजे माडाच्या न आंबलेल्या गोड रसाची. दोन्ही करायची गरज नाही.

आधी आयुष्याबद्दल, कारण तिथेही थोडी साफसफाई लागेल.

कमलाबाई माहेरच्या भागवत. जन्म १९११, इंदूरचा. वडील नारायणराव आणि काका माधवराव दोघंही रसायनशास्त्रज्ञ आणि दोघंही बंगळूरच्या टाटा इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या भारतीय विज्ञान संस्थेत, शिकलेले. थोरली बहीण दुर्गा भागवत. १९७५ च्या कऱ्हाडच्या साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून आणीबाणीविरुद्ध उभ्या राहिल्या त्याच. हे नातं तक्त्यावर जरूर येऊ दे. आपल्याकडे मराठी वाचणाऱ्या घरांत दुर्गाबाई ठाऊक असतात, पण त्यांची बहीण जीवरसायनशास्त्रज्ञ होती हे सांगितलं की माणसं थांबून वाचतात.

१९३३ मध्ये मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्र मुख्य आणि भौतिकशास्त्र दुय्यम विषय घेऊन त्या बीएस्सी झाल्या, गुणवत्ता यादीत वरच्या क्रमांकाने. वडील आणि काका जिथे शिकले तिथेच संशोधन करायचं म्हणून बंगळूरला अर्ज केला. रामन तेव्हा तिथे संचालक होते. अर्ज फेटाळला गेला, कारण अर्जदार स्त्री होती. त्या स्वतः बंगळूरला गेल्या, कारण विचारलं, हटल्या नाहीत. शेवटी प्रवेश मिळाला.

इथवरचं सगळे लिहितात. पण प्रवेश अटींवर मिळाला होता आणि त्या अटींकडे फारसं कोणी बघत नाही. पहिलं वर्ष परीक्षेवर काढायचं, नियमित विद्यार्थिनी म्हणून नाही. कामाचा दर्जा संचालकांना पटेपर्यंत त्या कामाला मान्यता नाही. आणि आपल्या असण्याने पुरुष सहकाऱ्यांचं लक्ष विचलित होऊ द्यायचं नाही.

या अटींचं वजन मला माझ्याच अनुभवाने कळलं. मी नोकरीला लागले तेव्हा एका संस्थेत संध्याकाळी सहानंतर बायकांना प्रयोगशाळेची किल्ली देत नसत. माझं काम प्रथिनं शुद्ध करण्याचं. प्रथिनाचं द्रावण बारीक छिद्रांच्या पडद्याच्या पिशवीत भरून थंड पाण्यात सोडायचं आणि ते पाणी दर चार तासांनी बदलायचं. संध्याकाळनंतरच्या पाण्यासाठी मला रोज कुणा ना कुणा सहकाऱ्याला विनवावं लागे. कधी ते विसरत आणि सकाळी पिशवीतलं प्रथिन नासलेलं असे. मला कुणीही 'नाही' म्हटलं नव्हतं. फक्त एक अट होती आणि तेवढ्या अटीने माझं काम कितीतरी लांबलं. प्रयोग फसणं हा संशोधनाचा रोजचा भाग आहे. परीक्षेवर असलेल्या माणसाला तेवढीही सवलत नसते, त्याचा फसलेला प्रयोग त्याच्याविरुद्धचा पुरावा होतो. कमलाबाईंच्या बाबतीत तो त्यांच्यामागून येणाऱ्या सगळ्या मुलींविरुद्धचा पुरावा झाला असता. म्हणून मुलीला सांगा, नकाराला एक ओळ पुरे, अटींना चार दे.

वर्षभर त्यांनी श्रीनिवासय्या यांच्या मार्गदर्शनाखाली दूध आणि कडधान्यांतल्या प्रथिनांवर काम केलं. १९३६ मध्ये एमएस्सी विशेष प्रावीण्यासह. काम बघून रामन यांचं समाधान झालं आणि पुढे संस्थेत मुलींना प्रवेश मिळू लागला. १९४० मध्ये अ‍ॅना मणी खुद्द रामन यांच्याच प्रयोगशाळेत दाखल झाल्या. कमलाबाईंनी तो अपमान म्हातारपणीही विसरला नाही आणि उघडपणे बोलूनही दाखवला. शास्त्रज्ञ म्हणून रामन यांचं मोठेपणही त्यांनी त्याच बोलण्यात मान्य केलं. तक्त्यावर या दोन्ही गोष्टी असाव्यात. रामन यांना खलनायक करून गोष्ट सोपी होते, खरी होत नाही.

१९३७ मध्ये त्या केंब्रिजला फ्रेडरिक गौलंड हॉपकिन्स यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. जीवनसत्त्वांच्या कामासाठी १९२९ चं नोबेल मिळालेले ते हॉपकिन्स. त्यांच्याकडे बऱ्याच स्त्रिया संशोधन करत. १९४५ मध्ये रॉयल सोसायटीने पहिल्यांदा ज्या दोन स्त्रियांना सदस्यत्व दिलं त्यांतल्या मार्जोरी स्टीफनसन तिथल्याच. पण "इथे अंधार, तिकडे उजेड" असं लिहू नका. खुद्द केंब्रिज विद्यापीठाने स्त्रियांना पूर्ण पदवी द्यायला १९४८ उजाडलं. तोवर मिळे ती नावापुरती पदवी.

तिथे कमलाबाई आधी डेरेक रिश्टर आणि मग रॉबिन हिल यांच्याबरोबर होत्या. हिल यांनी वनस्पतींच्या श्वसनाकडे वळवलं. इथे बहुतेक तक्त्यांवर एक चूक असते: "कमला सोहोनींनी सायटोक्रोम सी चा शोध लावला." असं नाही. सायटोक्रोमचं वर्णन डेव्हिड केइलिन यांनी १९२५ मध्येच केलं होतं. पेशीत अन्न 'जळतं' तेव्हा इलेक्ट्रॉन एका प्रथिनाकडून दुसऱ्याकडे, विहिरीवर रांगेत उभं राहून घागरी पुढे देतात तसे सरकत जातात आणि शेवटी ऑक्सिजनपाशी पोचतात. लोह असलेली सायटोक्रोम ही त्या रांगेतली माणसं. वनस्पतींच्या श्वसनात या रांगेचं स्थान काय, हा त्यांच्यापुढचा प्रश्न. कमलाबाईंनी बटाट्यापासून सुरुवात करून वनस्पतींच्या ऊतींत तीच व्यवस्था चालते हे दाखवलं. १९३९ मध्ये हिल आणि त्यांच्या नावाने 'नेचर'मध्ये त्यावर टिपण आलं. प्रबंध जेमतेम ४० पानांचा. केंब्रिजला पोचल्यापासून १४ महिन्यांत पुरा केलेला. तुमच्या मुलीला मूळ निबंध शोधायचे असतील तर 'सोहोनी' टाकून हे सापडणार नाहीत. तेव्हा त्या भागवत होत्या आणि इंग्रजीत आडनाव लिहिताना 'व'साठी डब्ल्यू न घेता व्ही घेत. एवढ्या एका अक्षराने माझ्या कितीतरी विद्यार्थ्यांचे तास वाचलेत.

दुसरी चूक 'पहिली' या शब्दाची: "विज्ञानात पीएचडी मिळवणारी पहिली भारतीय स्त्री." वनस्पतिशास्त्रज्ञ जानकी अम्माळ यांना अमेरिकेत मिशिगन विद्यापीठाची डॉक्टरेट १९३१ मध्येच मिळाली होती. म्हणून "विज्ञानात पीएचडी मिळवणाऱ्या अगदी पहिल्या भारतीय स्त्रियांपैकी एक" असं लिहा. परीक्षकांपैकी कुणी जाणकार असेल तर हा नेमकेपणा त्याच्या डोळ्यांत भरेल, आणि कमलाबाईंचं त्याने काही कमी होत नाही.

१९३९ मध्ये त्या परतल्या. दिल्लीच्या लेडी हार्डिंज वैद्यकीय महाविद्यालयात जीवरसायनशास्त्र विभागाच्या प्रमुख झाल्या, मग कुन्नूरच्या पोषण संशोधन प्रयोगशाळेत साहाय्यक संचालक. १९४७ मध्ये लग्न होऊन मुंबईला आल्या आणि तिथल्या विज्ञान संस्थेत जीवरसायनशास्त्र शिकवू लागल्या. पुढे त्याच संस्थेच्या संचालक झाल्या, १९६९ पर्यंत. ते पदही स्त्री असल्यामुळे चार वर्षं उशिरा मिळालं असं म्हटलं जातं.

मुंबईतलं काम हा माझ्या दृष्टीने प्रकल्पाचा गाभा. केंब्रिजहून आलेली बाई मनात आणती तर तिकडचेच प्रश्न इथे बसून सोडवत राहिली असती. कमलाबाईंनी विद्यार्थ्यांसह तीन गोष्टी हातात घेतल्या: कडधान्यं, नीरा आणि धान-आटा, म्हणजे भाताचं पीठ. गरीब माणसाच्या ताटात जे पडतं त्यातलं नेमकं किती अंगी लागतं, हा प्रश्न तिन्हींच्या मुळाशी होता.

आता वाल. मासे-मटण रोज परवडत नाही किंवा चालत नाही त्या घरात प्रथिनं येतात ती कडधान्यांतून. भातात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी, डाळीत ते भरपूर. डाळीत मिथिओनिन कमी, ते भातातून भरून निघतं. भात-आमटी, भात-तोणाक ही जोडी त्यामुळे पक्की आहे. पण कागदावरची प्रथिनं आणि अंगी लागणारी प्रथिनं यांत फरक पडतो. कच्च्या कडधान्यात काही प्रथिनं अशी असतात की ती आपल्या आतड्यातल्या ट्रिप्सिन या पाचक विकराला जखडून ठेवतात. ट्रिप्सिनचं काम प्रथिनांची साखळी तोडणं. कुलपात चुकीची किल्ली अडकून बसावी तसा हा रोधक ट्रिप्सिनमध्ये अडकतो आणि दुसरं प्रथिन आत जाऊ शकत नाही. झाडाच्या बाजूने बघितलं तर हा बियांचा बचाव आहे. किडीने खाल्लं तर तिलाही पचू नये.

कमलाबाईंनी भारतीय अन्नपदार्थांतल्या या रोधकांचा पद्धतशीर अभ्यास केला. १९५५ मध्ये त्यांच्या आणि त्यांचे सहकारी आंबे यांच्या नावाने 'नेचर'मध्ये निबंध आला: वाल आणि डबल बीन यांतले ट्रिप्सिन रोधक त्यांनी स्फटिकरूपात वेगळे केले होते. प्रथिनाचे स्फटिक मिळवणं म्हणजे ते इतकं शुद्ध करणं की रेणू आपोआप ओळीत बसावेत. ज्याने हे हाताने केलंय त्याला यातली चिकाटी सांगावी लागत नाही. आणि ते वालासारख्या दाण्यातून, ज्याचं आमच्या घरात फक्त बिरडं होतं.

शाळेत करायचा प्रयोग असा. साय काढलेल्या दुधाची दोन ग्रॅम भुकटी १०० मिली कोमट पाण्यात नीट कालवा. पांढरंफट गढूळ द्रावण होईल. ट्रिप्सिनचं अर्ध्या टक्क्याचं द्रावण करा, म्हणजे १०० मिलीत अर्धा ग्रॅम. त्यात चिमूटभर खाण्याचा सोडा घाला, कारण ट्रिप्सिनला किंचित अल्कधर्मी पाणी मानवतं. शाळेत ट्रिप्सिन नसेल तर जवळच्या महाविद्यालयातल्या जीवरसायन किंवा सूक्ष्मजीवशास्त्र विभागात बाईंच्या पत्रासह मागा, थोडंच लागतं. भुकटी हुंगायची नाही, हातमोजे घालायचे. कच्चे वाल मिक्सरला कोरडे दळा, दहा ग्रॅम पीठ १०० मिली पाण्यात अर्धा तास ढवळा, मलमलच्या फडक्यातून गाळा आणि फ्रीजमध्ये स्थिर होऊ द्या. वरचं निवळ पाणी हळूच ओतून घ्या.

आता चार परीक्षानळ्या. पहिलीत दूध आणि पाणी. दुसरीत दूध, पाणी आणि ट्रिप्सिन. तिसरीत ट्रिप्सिन आणि कच्च्या वालाचं पाणी दहा मिनिटं एकत्र ठेवून मग दूध. चौथीत फक्त दूध आणि वालाचं पाणी. नळ्या कोमट पाण्यात, साधारण ३७ अंशांवर. नळीमागे कागदावर पेनने फुली काढा आणि दुधातून फुली दिसायला किती वेळ लागतो तो मोजा. दुसऱ्या नळीत दुधाची प्रथिनं तुटतात, गढूळपणा जातो आणि काही मिनिटांत फुली दिसू लागते. तिसरी नळी पांढरीच राहते. माझ्या वर्गात दर वर्षी या क्षणी मुलं नळ्या उजेडाला धरून शेजारी शेजारी लावत आणि वर्ग एकदम शांत होई. पुस्तकातला रोधक त्यांच्या हातात असे. चौथी नळी ठेवायला विसरू नका. वालाचं पाणी मुळातच गढूळ असतं आणि तिसऱ्या नळीतला पांढरेपणा नुसत्या वालाचा नाही, हे त्या नळीवाचून सिद्ध होत नाही. वालाचं पाणी फार दाट झालं तर ते निम्मं, पाव असं पातळ करून मालिकाच लावा, आलेख सुंदर येतो.

इथे दोन खड्डे आहेत, दोन्हींत माझे विद्यार्थी पडलेत.

पहिला: ट्रिप्सिन मिळालं नाही म्हणून कच्च्या पपईचा चीक किंवा अननसाचा रस वापरायचा. पपई आपल्या परसात असते, तेव्हा मोह होतो. प्रथिनं त्यानेही तुटतात, दूधही बदलतं, पण वालाच्या पाण्याने काहीच अडत नाही आणि मुलं म्हणतात, "बाई, वालात रोधक नाहीच." पपईतलं पपेन आणि अननसातलं ब्रोमेलिन ही वेगळ्या घराण्याची विकरं आहेत. त्यांचं काम गंधक असलेल्या सिस्टीन या अमिनो आम्लाच्या जोरावर चालतं, ट्रिप्सिनचं सेरीनच्या जोरावर. वालातला रोधक दुसऱ्या घराण्यासाठी बनलेला आहे. अर्थात मुलीला आवड असेल तर पपेनची पाचवी नळी मुद्दाम लावू दे. एक किल्ली दोन कुलपांना लागत नाही हे त्यातून उघड दिसेल.

दुसरा खड्डा उकळण्याचा. पुढचा प्रश्न ओघानेच येतो: शिजवल्यावर काय होतं? मुलं वालाचं पाणी पाच-दहा मिनिटं उकळतात आणि तरीही तिसऱ्या नळीसारखंच उत्तर येतं. मग वाटतं प्रयोग फसला. वालासारख्या कडधान्यांतले काही रोधक फार चिवट असतात, कारण त्यांच्या साखळीला आतून गंधकाच्या पुलांचे टाके घातलेले असतात. थोड्या उकळीने ते टाके सुटत नाहीत. म्हणून एक नमुना दहा मिनिटं उकळलेला, एक कुकरमध्ये चांगला वीस मिनिटं शिजवलेला, असे दोन्ही लावा. कच्चे, भिजवलेले, मोड आलेले, सोललेले, असेही नमुने घेता येतील. मोड आल्यावर रोधक किती घटतो ते वाणावर आणि मोड किती दिवसांचे यावर ठरतं, तेव्हा तुमच्या नळ्या जे सांगतील तेच लिहायचं. सोलण्याने सालीतला तुरटपणा, म्हणजे टॅनिनं, जातात. ट्रिप्सिन रोधकाचा मुख्य साठा आत डाळीत असतो. भिजवणं, मोड आणणं, सोलणं, रटरटून शिजवणं ही आपल्या घरातली चार कामं प्रत्येकी काय साधतात, हे मुलीच्या तक्त्यावर एका ओळीत मांडता येईल. चवथीला मुगाच्या गाठी करताना मूग भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलत बसणारी आजी तिला नवीन नजरेने दिसेल.

दुसरी वाट नीऱ्याची. राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून कमलाबाईंनी नीऱ्यावर काम हाती घेतलं. नीऱ्यात क आणि अ जीवनसत्त्वं आणि लोह असल्याचं दिसलं आणि नीरा आटवून गूळ केला तरी त्यातला बराच भाग टिकतो हेही दिसलं. कुपोषित आदिवासी किशोरवयीन मुलं आणि गरोदर स्त्रिया यांच्या आहारात नीरा दिल्यावर त्यांच्या प्रकृतीत सुधारणा आढळली. या कामासाठी त्यांना राष्ट्रपती पुरस्कार मिळाला.

गोव्यात राहून यावर प्रकल्प करायचा तर माडापाशीच जायला हवं. काही वर्षांपूर्वी मी माझ्या वर्गाला शिवोलीला एका रेंदेराच्या भाटात (माडांच्या बागेत) घेऊन गेले होते. उजाडायच्या आत. तो कमरेला काती (कोयता) आणि दुदिणें (रस आणायचं भांडं) अडकवून चढला, पोयीच्या, म्हणजे माडाच्या न उमललेल्या फुलोऱ्याच्या, टोकाचा पापुद्र्याएवढा काप घेतला आणि भांड्यातलं रात्रभराचं रिकामं करून खाली आला. आम्ही आदल्या दिवशी एक भांडं स्वच्छ धुऊन, आतून चुना लावून वर लटकवायला दिलं होतं, दुसरं त्याचं रोजचं. दोन्ही ग्लासांत ओतली. चुन्याच्या भांड्यातलं पारदर्शक, गोड, ओल्या खोबऱ्याच्या वासाचं. रोजच्या भांड्यातलं पांढुरकं आणि कडेने फेसाळलेलं, जिभेवर चुणचुण. एकाच माडाचा, एकाच रात्रीचा रस. फरक भांड्याचा. जुन्या भांड्याच्या भिंतीत काल-परवाचं किण्व (यीस्ट) बसलेलं असतं. पोयीतून थेंब पडला की ते त्यातली साखर फोडायला लागतं आणि माडावरच सूर, म्हणजे आंबलेली ताडी, होतो. चुन्याने पाणी अल्कधर्मी होतं, किण्वाचं जमत नाही आणि नीरा नीराच राहतो.

प्रयोग सरळ आहे. परवानाधारक रेंदेराकडून पहाटे चुना लावलेल्या स्वच्छ भांड्यातला ताजा नीरा घ्या. एक भाग बर्फात ठेवा, एक भाग बाहेर आणि एका भागात आदल्या दिवशीचा सूर चमचाभर घाला. दर तासाला पीएचची पट्टी बुडवून रंग टिपा, बुडबुडे आणि वास नोंदवा. रेंदेर चुना जास्त लावतात तेव्हा सुरुवातीचा पीएच सातच्या वर दिसेल, ते लिहून ठेवा. दुपारपर्यंत सूर मिसळलेला भाग चांगलाच आंबट होतो आणि तो तसाच काही आठवडे उघडा ठेवला तर आपल्या स्वयंपाकातलं विनागर होतं: आधी साखरेचं अल्कोहोल, मग जिवाणूंकडून अल्कोहोलचं अ‍ॅसेटिक आम्ल. मुलीला यातलं काही प्यायला देऊ नका, काही तासांतच त्यात अल्कोहोल असतं. सगळं बाईंच्या देखरेखीखाली व्हावं. आणि जीवनसत्त्वांचे तयार आकडे कुठून तरी उचलून तक्त्यावर लावू नका. माड, ताड आणि शिंदी यांचा रस सारखा नसतो, आणि ऋतूप्रमाणे व काढल्यापासून गेलेल्या वेळेप्रमाणे तो बदलत जातो.

माझं मत विचाराल तर शाळेसाठी वाल बरे. बारमाही मिळतात आणि प्रयोग हवा तितक्या वेळा करता येतो. नीऱ्यासाठी पहाट, वाहन आणि रेंदेर तिन्ही जुळून यावे लागतात, आणि रेंदेर दर वर्षी कमी होतायत.

उरलेल्या आयुष्यातलं एक मात्र तक्त्यावर घ्या. कमलाबाई आरे दूध योजनेच्या सल्लागार होत्या. ग्राहक मार्गदर्शन संस्थेत त्यांनी हिरिरीने काम केलं, १९८२-८३ मध्ये तिच्या अध्यक्ष होत्या आणि संस्थेच्या 'कीमत' या नियतकालिकात ग्राहकांच्या सुरक्षिततेवर लिहीत. मराठीतूनही त्यांनी विज्ञान लिहिलं. १९९८ मध्ये दिल्लीत भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने त्यांचा सत्कार ठेवला होता, त्या समारंभातच त्या कोसळल्या आणि लवकरच त्यांचं निधन झालं. १८ जून २०२३ ला गूगलच्या पानावर त्यांचं चित्र आलं, तेव्हापासून शाळांमधले तक्ते वाढलेत.

तक्त्याची मांडणी मी अशी करीन: मधोमध चार नळ्यांचा फोटो आणि फुली दिसायला लागलेले वेळ, जसेच्या तसे, एखादी नळी वेडीवाकडी वागली असेल तर तीही. एका बाजूला १९५५ चा वालावरचा निबंध काय सांगतो ते मुलीच्या शब्दांत, दुसऱ्या बाजूला तिच्या आजीची बिरड्याची कृती, पायरीपायरीने. बंगळूरची गोष्ट खाली, अटींसकट. परीक्षकांनी काही विचारलं तर आधी नळ्या दाखवायच्या.

प्रदर्शन कधी आहे ते तुम्ही लिहिलं नाही. दहा दिवसांच्या आत असेल तर वाल आज रात्रीच भिजत घाला. मोड येऊन सोलायला तीन दिवस जातात आणि पहिल्या खेपेला वालाचं पाणी दाट होतंच, तेव्हा दुसऱ्या खेपेसाठी वेळ हाताशी असू दे. कच्चे दळायचे वाल वेगळे काढून ठेवा, नाहीतर घरात कुणीतरी सगळेच भिजत घालतं.